‘ब्रँड मागितला, तर मालकीणबाई प्रश्नच विचारत बसल्या’ : एक तारा दिलेल्या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक तारा दिलात आणि त्याची कारणंही मोकळेपणानं लिहिलीत, म्हणून उत्तरही मोकळेपणानं देते. इतर वाचणाऱ्यांसाठी आपली तक्रार थोडक्यात सांगते. वडिलांच्या एकसष्टीला भेट द्यायला आपण रोलेक्स घ्यायला आलात. आम्ही ‘नको ते प्रश्न’ विचारले, ‘कुणी नाव न ऐकलेली’ घड्याळं जास्त कमिशनसाठी पुढे केली, शेवटी आपण ओमेगाचं सीमास्टर अ‍ॅक्वा टेरा घेतलंत. आता ते रोज चार सेकंद पुढे जातं, काढून ठेवलं की सोमवारी बंद सापडतं, आणि दुसरीकडे विकायला विचारलं तर फारच कमी भाव सांगतात. त्यापेक्षा दोन हजारांचं, सेलवर (बॅटरीवर) चालणारं घड्याळ परवडलं, असं आपलं म्हणणं. आम्ही पूर्ण रक्कम रोख घेतली नाही आणि दुबईत भाव कमी आहे, हेही आपण लिहिलंत.

चार सेकंदांपासून सुरुवात करते. वडिलांच्या घड्याळात सेल नाही. आत गुंडाळलेली स्प्रिंग आहे, आणि ती हळूहळू सुटताना बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं छोटं चाक, सेकंदाला सात ठोके देतं. दिवसाला सहा लाखांहून जास्त ठोके होतात. उन्हाळा, थंडी, हाताची हालचाल, रात्री टेबलावर घड्याळ कोणत्या बाजूवर ठेवलंय, या सगळ्यांचा त्या ठोक्यांवर थोडा थोडा परिणाम होतो. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटर, म्हणजे खास अचूक घड्याळ, म्हणून प्रमाणपत्र मिळवायला यंत्र पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात, आणि तरीही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. आपल्या घड्याळाची चाचणी त्याहून कडक आहे. तिच्यावर मेटास या स्विस सरकारी मोजमाप संस्थेची देखरेख असते, आणि त्यात घड्याळ मागे पडलेलं अजिबात चालत नाही, पुढे गेलं तर दिवसाला पाच सेकंदांपर्यंत. आपलं चार सेकंद पुढे जातंय. ते नीट चालतंय.

सेलवरचं घड्याळ वेळेला जास्त अचूक असतं, हे आपण लिहिलंत ते खरंच आहे. त्यातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. कितीही महाग मेकॅनिकल, म्हणजे फक्त स्प्रिंग आणि चाकांवर चालणारं, घड्याळ आणलं तरी या एका बाबतीत ते साध्या क्वार्ट्‌झच्या मागेच राहणार. ही गोष्ट मी कोणत्याही ग्राहकापासून लपवत नाही, आणि त्या दिवशी आपल्यालाही सांगितली होती.

आपल्याला खटकलेला प्रश्न याचसाठी होता. ‘वडिलांना घड्याळाच्या बाबतीत कशाचा त्रास होतो?’ असं मी विचारलं. आपण म्हणालात, ते आकाशवाणीच्या बातम्यांना घड्याळ जुळवतात, वेळ चुकलेली त्यांना खपत नाही. हे ऐकल्यावर मी ग्रँड सीको समोर ठेवलं. ही जपानी घड्याळं 1960 पासून बनतात. त्यांच्या स्प्रिंग ड्राइव्ह प्रकारात शक्ती स्प्रिंगचीच असते, पण वेगावर ताबा क्वार्ट्‌झचा. फरक दिवसाला सरासरी एका सेकंदाच्या आत राहतो, आणि सेकंदकाटा टिकटिक न करता अखंड सरकतो. त्यांचं सेलवरचं घड्याळ तर वर्षाला दहा सेकंदांच्या आत राहतं. रोज वेळ जुळवणाऱ्या माणसासाठी मला यापेक्षा योग्य काही सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही. आपण ते बाजूला सारलंत, कारण ‘नातेवाइकांना नाव कळायला हवं’. भेट आपली होती, निर्णय आपला होता, मी त्याचा मान ठेवला. पण ते घड्याळ कमिशनसाठी दाखवलं, हे मला मान्य नाही.

नावाबद्दलही बोलायलाच हवं, कारण महागडं घड्याळ घ्यायला येणाऱ्या बहुतेकांची निवड तिथेच अडते. आपल्या आजोबांच्या पिढीला विचारलं असतं तर त्यांनी फाव्र-ल्युबा किंवा वेस्ट एंड म्हटलं असतं. फाव्र-ल्युबाचा मुंबईशी व्यापार 1865 पासूनचा. त्यांच्या पिढीत मानाचं घड्याळ म्हणजे हीच नावं. आज किती तरुणांना ती माहीत आहेत? कुठलं नाव कुणाच्या कानावर पडतं, हे त्या काळी त्या गावात माल कोण आणत होतं आणि जाहिरात कोण करत होतं यावर ठरतं. घड्याळाच्या आत काय आहे, ते यातून समजत नाही.

रोलेक्स उत्तम घड्याळ आहे. दिवसाला दोन सेकंद मागेपुढे हा त्यांचा स्वतःचा निकष आहे आणि तो फार कडक आहे. पण आम्ही त्यांचे अधिकृत विक्रेते नाही, हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. ‘कुठून तरी मिळवून द्या’ या आग्रहाला मी नकार दिला आणि यापुढेही देईन. कुणाच्या हातातून आलंय, आत कोणते भाग बदललेत, वॉरंटी कार्ड त्याच घड्याळाचं आहे का, याची खात्री मला देता येत नसेल, तर तसं घड्याळ मी कुणाच्या वडिलांच्या मनगटावर बांधणार नाही.

आता सोमवारी बंद पडण्याचं. पूर्ण किल्ली दिलेली असली तर हे घड्याळ 55 तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी पहाटे थांबणारच. मग क्राऊन, म्हणजे बाजूची किल्ली द्यायची गुंडी, मोकळा करून वीस-तीस वेळा फिरवायचा, वेळ लावायची, क्राऊन परत घट्ट आवळायचा. तारीख मात्र रात्रीच्या वेळी बदलू नका, त्या वेळात तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात.

आपण 41 मिलिमीटर व्यासाचं मागत होतात आणि मी 38 चा आग्रह धरला, त्याचं एक कारण हेच होतं. (किंमत 38 ची थोडी कमीच आहे.) 41 च्या यंत्रात तासकाटा एकटा पुढेमागे करता येतो. परदेशी ये-जा करणाऱ्याला ते फार सोयीचं, पण तारीख बदलायची तर तोच काटा चोवीस-चोवीस तास फिरवत बसावं लागतं. 38 मध्ये तारीख थेट बदलते. निवृत्त माणूस घड्याळ रोज घालेलच असं नाही, महिनाभरानं कपाटातून काढलं तर हा फरक बोटांना जाणवतो. दुसरं कारण मनगट. आपण फोनवर दाखवलेल्या फोटोत वडिलांचं मनगट बारीक दिसत होतं. घड्याळाची टोकं मनगटाच्या बाहेर गेली की ते सारखं फिरतं आणि बाहीत अडकतं.

विक्रीच्या किमतीबद्दल आपण सर्वांत जास्त रागानं लिहिलंय. बिल करण्याआधी मी म्हटलं होतं, ‘हे घालण्यासाठी घ्या, पैसे वाढवायला घेऊ नका.’ मित्राच्या स्टीलच्या रोलेक्सचं जे उदाहरण आपण देता, ते मोजक्या मॉडेल्सपुरतं खरं आहे, कारण तिथे मागणीपेक्षा माल कमी येतो. बाकी बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते, मग ब्रँड कितीही मोठा असो. आणि त्या मोजक्या मॉडेल्सचे जुन्या बाजारातले भावसुद्धा 2022 च्या सुरुवातीला शिखरावर जाऊन नंतर चांगलेच घसरले. त्या काळात वरच्या भावानं घेतलेले लोक आजही माझ्याकडे विचारणा करतात, आणि त्यांना हवा तो आकडा सांगता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

रोख रकमेचा मुद्दा थोडक्यात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, म्हणून घेतली नाही. दुबईच्या भावाशी तुलना करताना घड्याळ परत आणल्यावर विमानतळावर भरायचं शुल्कही धरावं लागतं.

घड्याळ परत घ्या, असं आपण म्हटलंय. वापरलेलं घड्याळ नव्याच्या भावानं परत घेणं मला शक्य नाही. पण चार सेकंदांसाठी एक गोष्ट करून बघता येईल. घड्याळ आणि वॉरंटी कार्ड घेऊन या. आमचे कारागीर ते टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेगवेगळ्या स्थितींत लावतील, आणि रात्री कोणत्या बाजूवर ठेवलं तर ते सर्वांत कमी पुढे जातं, ते आकड्यानिशी लिहून देतील. तशी बाजू सापडली तर दिवसभर पुढे गेलेले सेकंद रात्रीत काही अंशी भरून निघतात. पाच सेकंदांच्या वर आकडा आला, तर पाच वर्षांच्या वॉरंटीत ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवू, आपल्याला एक पैसाही पडणार नाही. जमलं तर वडिलांनाही सोबत आणा, स्टीलच्या पट्ट्याची एखादी कडी कमी करायची असेल तर त्यांच्या हातावर बघूनच करता येईल. दुकान सोमवारी बंद असतं. कारागीर दुपारी चारनंतर नक्की भेटतात.