हिमोग्लोबिन १८ आलं म्हणून खूश होऊ नका

"रगत भरपूर शे, मंग कसानी चिंता?" रिपोर्टवर १८ दिसलं की आपल्या खान्देशात हेच ऐकू येतं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलमुळे रक्त कमी असण्याची धास्ती सगळ्यांना. जास्त असणं हाही आजार असू शकतो, हे डोक्यातच येत नाही.

त्याचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. लाल पेशी बनवायचा हुकूम मूत्रपिंडाकडून एरिथ्रोपोएटिन या हार्मोनने येतो. इथे अस्थिमज्जेतल्या पेशीच्या जेएके२ जनुकात बिघाड होतो आणि हुकूम नसतानाही काम चालूच राहतं. विहीर भरली तरी मोटर बंद होत नाही, तसं. रक्त दाट होतं, गुठळी होते. मग पक्षाघात, हार्ट अटॅक.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या कागदावर पीसीव्ही नावाची ओळ असते, ती बघा. रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ते ती सांगते. पुरुषात ४९, बाईत ४८ च्या वर असेल तर सोडून देऊ नका. मात्र मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात शरीरातलं पाणी आटूनही आकडा चढतो, बिडीनेही चढतो. म्हणून चार दिवस नीट पाणी पिऊन तपासणी परत करा. तरीही जास्तच आला तर जेएके२ आणि एरिथ्रोपोएटिनच्या तपासण्या. दोन्ही दंडातल्या रक्तावरच होतात. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर पुरळ नसताना अंगभर खाज सुटते का, हेही डॉक्टरांना सांगा. लोक साबण बदलत बसतात, गजकर्णाचं मलम चोळतात.

उपचार ऐकून लोक दचकतात: रक्त काढायचं. एका वेळी साधारण ३५० ते ४५० मिली, म्हाताऱ्या माणसाचं कमी. पीसीव्ही ४५ च्या खाली येईपर्यंत. हा आकडा हवेतला नाही. २०१३ च्या इटालियन अभ्यासात ४५ ते ५० वर ठेवलेल्यांत गुठळ्या आणि त्यातून होणारे मृत्यू जवळपास चौपट निघाले. सोबत बहुतेकांना कमी डोसची ॲस्पिरिन. साठीपुढच्यांना किंवा आधी गुठळी झालेल्यांना हायड्रॉक्सियुरिया, तीच सिकलसेलवाली कॅप्सूल.

खरा घोळ पुढे होतो. रक्त काढून काढून लोह संपतं, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) घसरतात. ते मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं, कारण लोहाशिवाय मज्जेला पेशी बनवता येत नाहीत. पण दुसरीकडे कुठे रिपोर्ट दाखवला की "अशक्तपणा आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि काही आठवड्यांत पीसीव्ही परत वर. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवा: रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नये.