‘रोज दोन तास व्हिडिओ पाहा, सहा महिन्यांत इंजिनीअर व्हा’ : त्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात असा: कोडिंग शिकायला आता कॉलेज लागत नाही, शिक्षक लागत नाही, पैसा लागत नाही. गावातल्या पोराकडे मोबाईल आहे, रोजचा दीड जीबी डेटा आहे आणि जगातले उत्तम शिक्षक यूट्यूबवर फुकट आहेत. रोज दोन तास व्हिडिओ पाहा, सहा महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनीअर व्हा. शेवटची ओळ: एवढेही ज्याला जमत नाही तो आळशी, उगाच परिस्थितीला दोष देतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी पोरापोरींना पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवतो. चार वर्षे झाली. उत्तर द्यावेसे वाटले ते त्या शेवटच्या ओळीमुळे. पण बाकीचे मुद्देही घेतो, कारण त्यातले काही खरे आहे.

फुकट आहे, हे खरेच. एमआयटीने २००१ मध्ये आपल्या वर्गातले साहित्य जगाला खुले करायचे ठरवले. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी ही विज्ञानसंस्था यांचे एनपीटीईएल, म्हणजे वर्गातली व्याख्याने ऑनलाईन फुकट देणारा उपक्रम, २००३ मध्ये सुरू झाले. हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा अभ्यासक्रम आज दारव्ह्यात बसून पाहता येतो. मी स्वतः पुष्कळ काही तिथूनच शिकलो आणि त्या शिक्षकांचे उपकार मानतो. पण अक्षरे स्पष्ट दिसतील अशा दर्जात दोन तास व्हिडिओ पाहिला, की दीड जीबी तिथेच संपतो. डेटा वाचवायला दर्जा खाली आणला की पडद्यावर कोलन आहे की सेमीकोलन, ते कळत नाही. गाण्याच्या व्हिडिओत एवढे धूसर चालते, प्रोग्रॅममध्ये एक टिंब चुकले तरी गाडी अडते.

मोबाईल पुरतो का? पायथन मोबाईलवर चालते, त्याची ॲपे आहेत. पण पडदा एकच. व्हिडिओ पाहायचा, ओळ लक्षात ठेवायची, दुसऱ्या ॲपमध्ये जायचे, अर्धी लिहायची, विसरली म्हणून परत व्हिडिओत यायचे. कंस आणि कोलन कीबोर्डच्या दुसऱ्या पानावर. ‘इफ’ची अट लिहून झाली की कोलन, मग खालची ओळ चार जागा आत. अंगठ्याने हे दहा ओळी करून पाहा. अकराव्या ओळीला पोरगं लिहिणे सोडते आणि नुसते पाहू लागते.

आणि नुसते पाहणे, हाच या मेसेजचा सगळ्यात मोठा घोटाळा आहे. ‘रोज दोन तास पाहा’ असे त्यात लिहिले आहे, ‘लिहा’ असे कुठेच नाही. आमच्याकडे येणारे जवळजवळ प्रत्येक पोरगे पहिल्या आठवड्यात एकच वाक्य बोलते: ‘सर, पाह्यतानी सारं समजते, पण कोरं पान उघडलं का काईच सुचत नाई.’ हा त्यांचा दोष नाही, माणसाचे डोके असेच चालते. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये याच्यावर प्रयोग छापले. डार्ट फेकण्याचा व्हिडिओ वीस वेळा पाहिलेल्यांना आपल्याला ते जमेल अशी जास्त खात्री वाटली, पण नेम मात्र एकदाच पाहिलेल्यांपेक्षा चांगला लागला नाही. शेतकऱ्याला हे सांगायला प्रयोग लागत नाही. वर्षानुवर्षे धुऱ्यावरून तिफण पाहिलेल्या पोराच्या हाती ती पहिल्यांदा दिली, की पेरणीचे तास वाकडेच जाते.

व्हिडिओत शिकवणारा चुकत नाही, किंवा चुकला तर तेवढा तुकडा कापून टाकतो. शिकणाऱ्याचा वेळ मात्र त्या कापलेल्या तुकड्यातच जातो. गेल्या वर्षी दहावी झालेली एक मुलगी आली. वडिलांच्या मोबाईलवर व्हिडिओ पाहून तिने घरी पहिला प्रोग्रॅम लिहिला होता: प्रिंट, आणि पुढे अवतरणात आपले नाव. एकच ओळ, आणि तीन संध्याकाळी ती चालत नव्हती. व्हिडिओ जुना होता, पायथन २ या जुन्या आवृत्तीचा. त्या पायथनचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. पायथन ३ मध्ये प्रिंटच्या पुढे कंस लागतो, आणि चुकीच्या संदेशात ते स्वच्छ लिहूनही येते: ‘मिसिंग पॅरेंथेसिस’. पण तिला कंस माहीत होता, ब्रॅकेट माहीत होता, पॅरेंथेसिस हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. मी म्हटले, ‘पॅरेंथेसिस म्हणजे कंस.’ तिने कंस घातला, नाव उमटले. अर्धे मिनिटही लागले नाही. ‘एवढंच होतं का बापा!’ म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तीन दिवस तिला वाटत होते, आपल्यालाच डोके नाही.

म्हणून ‘शिक्षक लागत नाही’ हे मला मुळीच मान्य नाही. शिक्षक मोठा विद्वान नसला तरी चालेल, पण अडल्यावर शेजारी बसून ‘दाखव बरं’ म्हणणारे कोणीतरी हवे. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी अभ्यासक्रम उघडलाच नव्हता, आणि २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे शंभरात तीनच्या आसपास. काहींना पूर्ण करायचेच नसेल, मान्य. पण त्याच वर्षी प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांमध्येही निम्म्याहून जास्त अर्ध्यातच थांबले. ते सगळे आळशी होते का?

व्हिडिओ कसा असावा याचा चांगला नमुना आपल्याकडेच आहे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. साधारण दहा मिनिटांचे धडे, बरेचसे मराठीतही, उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालणारे. त्यांची रीतच अशी की व्हिडिओ थांबवायचा, तेच स्वतः करून पाहायचे, मगच पुढे जायचे. आमच्या खोलीत तीन जुने संगणक आहेत आणि नियम एकच: एका मशीनवर दोघे, आणि हात कीबोर्डवर नसेल तर व्हिडिओ बंद.

सहा महिन्यांत नोकरी, याबद्दल फार लिहीत नाही. आमच्या एका पोराला पहिले काम मिळायला अडीच वर्षे लागली, आणि तो हुशार होता. पण हेच सहा महिन्यांचे आमिष दाखवून हप्त्यावर कोर्स विकणारे फोन गावात येतात. एका घरी त्यासाठी सोयाबीनचे पैसे गेले. असले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता ती शेवटची ओळ. घरात मोबाईल एक, तो वडिलांचा, आणि वडील शेतातून येतात अंधार पडल्यावर. मुलीच्या हाती तो पडतो स्वयंपाक आटोपल्यावर, तोवर डेटा भावाने संपवलेला. वेचणीच्या दिवसांत पोरे सकाळी वावरात असतात, कापसाच्या बोंडांनी बोटे सोललेली असतात, आणि त्याच बोटांनी ती रात्री टाईप करतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्याने एकदा आमच्या खोलीत येऊन बसावे. रागाने म्हणत नाही, खरेच बोलावतो आहे.

थोड्याच दिवसांत सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा, होईल, वेचणी लागेल, म्हणून वर्ग सहाऐवजी रात्री साडेसातला घेणार आहे. काही पोरे तेव्हाही येऊ शकणार नाहीत. त्यांच्या फायली मशीनवर तशाच ठेवतो. माघात परत आली, की जिथे चूक अडली होती त्याच ओळीपासून बसतो.