"पहिलं पेमेंट बुडतंच" म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

ऐरोली-घणसोलीच्या कॉलेज ग्रुपपासून घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की फ्रीलान्सिंगच्या, म्हणजे घरबसल्या सुटी कामं मिळवून देणाऱ्या, साईट नवीन मुलांचे पैसे मुद्दाम महिनाभर दाबून ठेवतात आणि व्याज खातात, क्लायंटने ओके दिलं नाही की पहिलं पेमेंट बुडालंच समजा, म्हणून क्लायंट मिळाला की त्याला साईटबाहेर काढा आणि सरळ जीपेवर पैसे घ्या. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. शेवटचं मात्र मनावर घेतलं तर अकाउंट जाईल नाहीतर पैसे जातील, म्हणून लिहायला बसले.

आधी ते "महिनाभर" बघू. अपवर्क या साईटवर तासाच्या रेटने काम असेल तर आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, तोही यूटीसी या जागतिक घड्याळाने, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला आठवडा संपतो. मग बिल लागतं, शुक्रवारपर्यंत क्लायंटने तास तपासायचे, आणि त्यानंतरच्या बुधवारी पैसे काढता येतात. तारखा घालून सांगते, २ जून २०२५ ला सोमवार होता, तर त्या आठवड्यातलं काम ८ जूनला बंद, ९ ला बिल, १३ पर्यंत तपासणी आणि १८ जूनला पैसे मोकळे. सोमवारी केलेल्या कामाला १६ दिवस लागले, रविवारी केलेल्याला १०. एकदा ही गाडी सुरू झाली की दर बुधवारी मागच्या आठवड्यांचे पैसे येत राहतात. पहिले दोन आठवडे खिसा रिकामा असतो हे खरंय, आणि तेवढ्यातच लोक घाबरून "अडकवले रे" म्हणून ग्रुपवर टाकतात.

आता "ओके नाही दिलं की बुडालं". हे तर उलटंच आहे राव. अपवर्कवर ठरलेल्या रकमेचं काम असेल तर क्लायंटने पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे काम पास होईपर्यंत साईटच्या ताब्यात, टाकायचे असतात. तुम्ही काम सबमिट केल्यावर त्याच्याकडे १४ दिवस असतात, बदल सांगायचे तर सांगा, पास करायचं तर करा, आणि तो काहीच बोलला नाही तर १४ दिवसांनी काम आपोआप पास होतं. त्यावर ५ दिवसांचा सिक्युरिटीचा काळ, म्हणजे क्लायंट गप्प बसला तरी जास्तीत जास्त १९ दिवस. फाइव्हर या दुसऱ्या साईटवर डिलिव्हरी दिल्यावर ग्राहक ३ दिवस गप्प राहिला तर ऑर्डर पूर्ण धरतात, मग १४ दिवसांचं क्लिअरन्स, म्हणजे पैसे काढता येण्याआधी थांबायची मुदत. गप्प राहून पैसे बुडवता येत नाहीत, नियमच तसा आहे.

पण इथे एक गोम आहे आणि नवीन मुलांची खरी माती इथेच होते. हे घड्याळ सबमिटचं बटन दाबल्यावर सुरू होतं, चॅटमध्ये फाईल टाकल्यावर नाही. कळव्याच्या एका मुलाचं असंच झालं. त्याने लोगोच्या फाईलींची ड्राइव्हची लिंक चॅटमध्ये पाठवली, क्लायंटने "खूप छान, थँक्यू" लिहिलं, आणि हा पैशांची वाट बघत बसला. साईटच्या लेखी त्याने काम दिलेलंच नव्हतं, माइलस्टोन, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, तसाच उघडा पडलेला. शेवटी त्याला स्क्रीनवर ते बटन दाखवलं तेव्हा म्हणतो, "ताई, मला वाटलं हे बटन क्लायंटसाठी आहे." ग्रुपवर हाच किस्सा "साईटने पैसे खाल्ले" म्हणून फिरला असता.

अजून दोन गोष्टी याच्याच बाजूच्या. काम सुरू करण्याआधी माइलस्टोनवर पैसे भरलेले दिसतायत का ते बघायचं, क्लायंट "भरतो नंतर, तू चालू कर" म्हणाला तर हात लावायचा नाही, कारण एस्क्रोमध्ये नसलेल्या पैशाला १४ दिवसांचा नियम लागत नाही. आणि तासाच्या कामात अपवर्कचं तास मोजणारं ट्रॅकरचं ॲप चालू ठेवून केलेल्या तासांनाच पेमेंटचं संरक्षण असतं, मागाहून हाताने भरलेल्या तासांना नाही. ॲप स्क्रीनशॉट घेतं म्हणून कंटाळा येतो, मलाही येतो, पण भांडण झालं तर तेच उपयोगी पडतं.

व्याजाचं म्हणाल तर साईटची कमाई उघड लिहिलेली असते, फाइव्हर विक्रेत्याच्या, म्हणजे काम करणाऱ्याच्या, रकमेतून २० टक्के कापतं, त्याला शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या. पैसे थांबवून ठेवायचं कारण मात्र कार्ड आहे. परदेशी क्लायंट क्रेडिट कार्डने पैसे भरतो आणि नंतर बँकेला सांगू शकतो की हा व्यवहार मला मान्य नाही, तोवर पैसे तुमच्या खात्यात जाऊन खर्च झाले तर साईट कुणाकडून वसूल करणार? मेसेजमधलं अर्धं खरं ते इथे आहे. फाइव्हरवर टॉप रेटेड विक्रेत्याला ७ दिवसांत क्लिअरन्स मिळतं आणि नवख्याला १४ दिवस. नव्यावर भरवसा कमी, म्हणून तो जास्त थांबतो. मला हे आवडत नाही, कारण पैशांची गरज नव्यालाच जास्त असते, पण ७ आणि १४ मधला फरक म्हणजे "पेमेंट बुडतं" नव्हे.

आता जीपेचा सल्ला. पहिली गोष्ट म्हणजे टेक्सासमधला क्लायंट यूपीआयवर पैसे पाठवणार कसे? त्याच्याकडे यूपीआय नाही. दुसरी, अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटशी पुढची दोन वर्षं व्यवहार साईटवरूनच करायचा असं त्यांच्या अटींत आहे. बाहेर पैसे घेताना सापडलात तर अकाउंट बंद होतं आणि जमवलेले रिव्ह्यू पण गेले. आणि तिसरी, जी सगळ्यात महत्त्वाची, जो "क्लायंट" स्वतःहून टेलिग्रामवर ये म्हणतो, आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार मागतो किंवा "पेमेंट पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणतो, तो क्लायंट नाहीये. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मेसेज ज्या रस्त्यावर पाठवतोय त्या रस्त्यावर एस्क्रो नाही, आणि पहिलं पेमेंट खरंच बुडतं ते तिथे.

"इथल्या लोकल कंपनीचं काम बरं, ओळखीचे असतात" असंही त्या मेसेजमध्ये आहे. बरं असेलही, पण मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसचं काम केलंय, नाव नको, तिथे बिल दिल्यावर "अकाउंटवाले सुट्टीवर आहेत" हे इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. कायदा तिथेही आहे म्हणा. उद्यम या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन आहे, जरूर करा. पण दहा हजारांच्या बिलासाठी ओळखीच्या माणसाला व्याजाची नोटीस कोण पाठवतं?

राहिला शेवटचा टप्पा, साईटवरून बँकेत. इथले दिवस बहुतेक आपल्याच चुकीने वाढतात. अपवर्कवर नवीन बँक खातं जोडलं की ३ दिवस पैसे काढता येत नाहीत, म्हणून पहिलं काम मिळायच्या आधीच जोडून टाका. प्रोफाइलवर नुसतं नाव-आडनाव आणि पासबुकवर मध्ये वडिलांचं नाव, स्पेलिंग वेगळं, असं असेल तर तिथेच पैसे अडकतात. पतपेढीतलं खातं चालत नाही, आयएफएससी असलेल्या बँकेचंच लागतं. थेट परदेशातून बँकेत रक्कम आली तर बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड, विचारते, सॉफ्टवेअरच्या कामाला पी०८०२ वगैरे, तो फोन "स्पॅम असेल" म्हणून कट करू नका. आणि रक्कम बाहेरून आल्याचा कागद तेव्हाच मागून ठेवा, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना सीए तोच मागतो आणि तेव्हा बँकेत जाऊन मागितला तर आठवडाभर हेलपाटे.