'जुना स्टार वॉर्स आता उरलाच नाही' म्हणे!

सध्या एक पोस्ट जिथेतिथे शेअर होतेय, तुमच्यापर्यंतही आली असेल. सारांश असा की १९७७ चा स्टार वॉर्स थिएटरात जसा दिसला तसाच जपायचा म्हणून जे लोक जुन्या प्रिंट शोधतात, स्कॅन करतात, साफ करत बसतात ते रिकामटेकडे आहेत आणि वर चोरही आहेत. कारणं काय, तर मूळ निगेटिव्हच (कॅमेऱ्यात शूट झालेली फिल्म) उरलेली नाही, सिनेमा डिरेक्टर जॉर्ज लुकासचा त्यामुळे मर्जी लुकासची, २००६ ला डीव्हीडीवर जुनं व्हर्जन देऊन झालंय, हे सगळं पायरसी आहे, 'ओरिजिनल' असं एक काही नव्हतंच, आणि शेवटी अर्थातच नॉस्टॅल्जिया. इतक्या जणांनी माना डोलावल्यात की म्हटलं एकेक मुद्दा घेऊयाच.

मागचं माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. पहिले तीन सिनेमे आले १९७७, १९८० आणि १९८३ ला. १९९७ ला जॉर्ज लुकासने त्यांची स्पेशल एडिशन काढली, नवे कॉम्प्युटरवर केलेले शॉट, नवे प्राणी, आधी कापलेला जबा नावाच्या गुंडाचा सीन, आणि मग हात थांबेचना, २००४ ची डीव्हीडी, २०११ ची ब्लू-रे, २०१९ चं डिस्ने प्लस, दर वेळी अजून काहीतरी. सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे कॅन्टिनातला, दारूच्या गुत्त्यातला सीन. १९७७ मध्ये नायकाचा साथी हॅन सोलो टेबलाखालून गोळी झाडतो, त्याला पकडायला आलेला ग्रीडो मरतो, विषय संपला. १९९७ मध्ये ग्रीडो आधी झाडतो आणि हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो. २००४ मध्ये दोघं जवळपास एकदमच झाडतात. २०१९ मध्ये ग्रीडो मरायच्या आधी 'मॅक्लंकी' असं काहीतरी बोलतो, का ते देव जाणे. आणि आज विकत घ्यायला किंवा स्ट्रीम करायला जे मिळतं ते हे शेवटचंच.

'मूळ निगेटिव्हच उरलेली नाही'

अर्धं खरं आहे. १९९७ च्या वेळी निगेटिव्ह खरंच वाईट अवस्थेत होती, काही भाग ज्या प्रकारच्या फिल्मवर होते त्यांचे रंग उडाले होते, मग ती उघडून साफ केली आणि बदललेले शॉट जुन्यांच्या जागी जोडले. इथपर्यंत ठीक. पण निगेटिव्ह बदलली म्हणजे सिनेमाच गेला हे कुठलं लॉजिक? निगेटिव्हवरून पुढे इंटरपॉझिटिव्ह, म्हणजे मधल्या मास्टर कॉपी निघतात, तीन रंग तीन वेगवेगळ्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर उतरवून सेपरेशन मास्टर ठेवतात (हे करतातच यासाठी की उद्या रंग उडाले तर यावरून परत उभं करता यावं), आणि मग थिएटरांसाठी ढिगाने प्रिंट निघतात. यातलं काहीच उरलं नाही असं म्हणायचं तर उचलली जीभ लावली टाळ्याला. जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या संग्रहातली १९७७ ची खरीखुरी प्रिंट काढून भरलेल्या थिएटरात चालवून दाखवली, आणि लुकासफिल्मच्या (लुकासने काढलेल्या कंपनीच्या) तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी स्वतः तिथे हजर होत्या. उरलीच नाही म्हणता ना, मग त्या रात्री प्रोजेक्टरवर काय चढवलं होतं?

ती प्रिंट इतकी चांगली का राहिली हेही कळायला हवं, कारण फॅन लोकांच्या कामाचा सगळा पाया तोच आहे. त्या काळच्या बहुतेक प्रिंट ईस्टमन पद्धतीच्या फिल्मवर निघायच्या, आणि त्यातला निळसर-हिरवट रंग, म्हणजे सायन, काही वर्षांत विरायला लागतो. मागे उरतो लालसर गुलाबी. अशी जुनी प्रिंट बघितली की आकाश, वाळू, चेहरे सगळं एकाच गुलाबी पाण्यातून काढल्यासारखं दिसतं. टेक्निकलरची जुनी डाय-ट्रान्सफर पद्धत वेगळी होती, त्यात तीन रंग एकेक करून फिल्मवर छापले जायचे आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेत ते काम तोवर बंद झालं होतं पण लंडनच्या लॅबमध्ये चालू होतं, म्हणून तिथून निघालेल्या १९७७ च्या प्रिंट आजही रंग धरून आहेत. टीम निगेटिव्ह वन नावाच्या फॅन ग्रुपने केलेलं '४के७७' हे व्हर्जन बहुतांशी अशाच एका टेक्निकलर प्रिंटवरून आलंय, त्यांच्याच म्हणण्यानुसार जवळपास ९७ टक्के.

आता 'स्कॅन करून टाकलं' म्हणणं सोपं आहे. सिनेमा १२१ मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुमारे १ लाख ७४ हजार फ्रेम. त्यातल्या कशावर धूळ, कशावर उभी हिरवी रेघ, कुठे फिल्म तुटून पुन्हा चिकटवलेली, आणि साधारण २० मिनिटांच्या प्रत्येक रिळाच्या शेवटाला उजव्या कोपऱ्यात ते गोल ठिपके, जे बघून ऑपरेटर दुसरा प्रोजेक्टर चालू करायचा. सॉफ्टवेअरला धूळ काढायला सांगितली तर ते अंतराळातले तारेही धूळ समजून पुसतं, लेझरच्या ठिणग्या तर हमखास पुसतं. त्यामुळे शेवटी माणसानेच बसून बघायचं की हा ठिपका तारा आहे की कचरा. हे काम फुकट, रात्री जागून, आणि नावही न सांगता करणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणायचं! प्रिंटमध्ये काळोख्या भागातले तपशील दबलेले असतात, निगेटिव्हवरून केलेल्या अधिकृत रिस्टोरेशनची सर तिला येणार नाही, हे ते लोक स्वतःच मान्य करतात. पण अधिकृतवाले करायला बसले असते तर ह्यांना हौस होती का?

'सिनेमा लुकासचा, मर्जी लुकासची'

सगळ्यात जास्त लाइक ह्याच वाक्याला आहेत आणि सगळ्यात कच्चंही हेच आहे. पहिली गोष्ट, तीनपैकी दोन सिनेमे लुकासने डिरेक्ट केलेलेच नाहीत. १९८० चा अर्विन कर्शनरचा, १९८३ चा रिचर्ड मार्क्वंडचा. मार्क्वंड १९८७ ला वारला. त्याच्या सिनेमात १९९७ ला गाणं बदललं, शेवटचं संगीत बदललं, २००४ ला म्हाताऱ्या ॲनाकिनच्या (म्हणजे खलनायक व्हेडरच्याच) भूतातून सेबॅस्टियन शॉ या मूळ नटाला काढून तिथे हेडन क्रिस्टेन्सन बसवला, २०११ ला व्हेडरच्या तोंडी 'नोऽऽ' घातलं. यात डिरेक्टरची मर्जी नेमकी कुठे आली? शॉही तोवर गेलेला होता, त्यालाही कुणी विचारायला जाणार नव्हतं. मग म्हणा की निर्मात्याची मर्जी, मालकाची मर्जी. ते चालेल, पण मग कलावंताचा हक्क वगैरे मोठे शब्द वापरू नका.

दुसरी गोष्ट, पहिल्या सिनेमाला एडिटिंगचं ऑस्कर मिळालं ते पॉल हर्श, मार्शिया लुकास आणि रिचर्ड च्यू यांना. व्हिज्युअल इफेक्ट्सचं मिळालं ते जॉन डायक्स्ट्रा आणि मंडळींना. ज्या कटसाठी आणि ज्या शॉटसाठी मिळालं तेच बदललंय.

आणि तिसरी, हिच्याबद्दल पोस्टवाले चकार शब्द काढत नाहीत. १९८८ मध्ये जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांना रंग फासायची टूम निघाली होती तेव्हा हेच लुकास अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे जाऊन म्हणाले होते की पैशासाठी किंवा सत्ता दाखवायला कलाकृती बदलणारे रानटी आहेत, आणि पुढे जुन्या निगेटिव्ह हरवणं आणि त्यांच्या जागी बदललेल्या निगेटिव्ह येणं अजून सोपं होईल, त्यात समाजाचं मोठं नुकसान आहे. इतकं नेमकं भाकीत क्वचितच कुणी स्वतःबद्दल केलं असेल. त्यांचा रोख कलाकाराला न विचारता बदल करणाऱ्या मालकांवर होता, हे मान्य, स्वतःचं काम स्वतः बदलणं वेगळं असं कुणी म्हटलं तर पहिल्या सिनेमापुरतं ऐकून घेईन. मार्क्वंडच्या सिनेमाचं मात्र आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं एवढंच होतं.

शिवाय भांडण लुकासच्या बदलांशी नाहीचे, हे कितीदा सांगायचं. त्यांनी अजून दहा वेळा बदलावं. फक्त आधीचं बाजारातून काढू नका. हे जमतं, बाकीच्यांनी करून दाखवलंय. स्पीलबर्गने २००२ ला ई.टी. मध्ये पोलिसांच्या हातातल्या बंदुका काढून वॉकीटॉकी दिले, नंतर त्यालाच ते पटेनासं झालं आणि २०१२ च्या ब्लू-रेवर १९८२ चाच सिनेमा आला. त्याच्याच क्लोज एन्काउंटर्सची तिन्ही व्हर्जन एका सेटमध्ये मिळतात. ब्लेड रनरची तर २००७ ला पाच आली. आपल्याकडचं बघा, शोलेचा शेवट १९७५ ला सेन्सॉरने बदलायला लावला, मूळ शेवटासकट रिस्टोअर केलेला सिनेमा २०२५ ला इटलीतल्या बोलोन्यात दाखवला, म्हणून इतकी वर्षं सगळ्यांनी बघितलेला शेवट जगातून पुसून टाका असं कुणी म्हणालं का?

'२००६ ला दिलं होतं की'

हो दिलं होतं, कसं दिलं ते पण सांगा ना. मुख्य डिस्कवर बदललेला सिनेमा आणि जुना बोनस म्हणून दुसऱ्या डिस्कवर, तेही सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच मुदतीत. आणि तो आला कुठून, तर १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी व्हिडिओ डिस्क) केलेल्या व्हिडिओ मास्टरवरून. रुंद पडद्याचा सिनेमा चौकोनी फ्रेममध्ये वरखाली काळ्या पट्ट्या टाकून बसवलेला, म्हणजे डीव्हीडीच्या ४८० ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राला मिळतात जेमतेम २७०. मोठ्या टीव्हीवर लावला की सगळं पुसट, आणि काहीही हललं की मागे सावली ओढल्यासारखी. ह्याला लोकांच्या तोंडाला पानं पुसणं म्हणतात. 'डिस्पेशलाइज्ड' नावाचं जे फॅन व्हर्जन सगळ्यांना माहितीये ते ह्याच वैतागातून आलं, अधिकृत ब्लू-रेचं स्वच्छ चित्र घ्यायचं आणि जिथेजिथे बदल झालेत तिथे डीव्हीडी, जुने स्कॅन, जे मिळेल त्यातून जुना तुकडा रंग जुळवून बसवायचा.

'पण ही पायरसीच'

कायद्याने बघायचं तर परवानगीशिवाय वाटणं हे कॉपीराइटचं उल्लंघनच आहे, यात मी गोल गोल बोलणार नाही. १९७७ च्या सिनेमाचा अमेरिकन कॉपीराइट २०७२ संपेपर्यंत आहे. पण पायरसी म्हटलं की डोळ्यापुढे येतं ते विकत मिळणारी वस्तू फुकट उचलणं. इथे ती वस्तू विकतच मिळत नाही. डिस्पेशलाइज्डवाले तर आधी अधिकृत कॉपी विकत घ्या मगच हे बघा असं सांगतात, आणि विकायला सक्त मनाई. मालकाचं बुडालं काय? आणि सिनेमे टिकण्याच्या इतिहासात असे बेकायदा किंवा अर्धवट कायदेशीर संग्राहक पावलोपावली भेटतात. १९२७ चा मेट्रोपोलिस प्रीमियरनंतर लगेच कापला गेला आणि कापलेला भाग गेलाच असं सगळे धरून चालले होते. २००८ ला ब्युनोस आयर्सच्या म्युझियममध्ये जवळजवळ पूर्ण लांबीची १६ मिमी कॉपी सापडली, ती एका खासगी संग्राहकाच्या प्रिंटवरून निघालेली होती. स्टुडिओच्या नव्हे.

तसं पहिल्या सिनेमाला ५० वर्षं होतायत म्हणून २०२७ ला तो पुन्हा थिएटरात आणायची घोषणा झालीये. त्यात १९७७ चंच रूप पडद्यावर आलं तर सगळ्यात जास्त टाळ्या ह्याच 'चोरांच्या' असतील. पुढच्या दोन सिनेमांचं काय हा प्रश्न तरी उरतोच.

'ओरिजिनल असं एक काही नव्हतंच'

हा मुद्दा लिहिणाऱ्याला विषयाची थोडी माहिती आहे, त्याबद्दल बरं वाटलं. १९७७ लाच ७० मिमी, ३५ मिमी स्टिरिओ आणि मोनो असे आवाजाचे वेगवेगळे मिक्स होते आणि ते सारखे नाहीत, मोनोमध्ये नायक ल्यूकच्या बेरू काकूंचा आवाजच वेगळा आहे, थ्रीपीओ या रोबोचं ट्रॅक्टर बीमबद्दलचं (यान ओढून धरणारा किरण) एक वाक्य जास्तीचं आहे. सुरुवातीच्या पिवळ्या अक्षरांत 'एपिसोड फोर' हे १९८१ ला आलं, पहिल्या रिलीजला नव्हतं. सगळं खरं. पण हे आपल्याला माहितीये ते कुणामुळे? ह्याच लोकांनी जुन्या टेप, लेझरडिस्क, प्रिंटचे साउंडट्रॅक शेजारीशेजारी लावून ऐकले म्हणून. तिन्ही मिक्स वेगवेगळे जपलेत, फाइलमध्ये निवडता येतात. चार रूपं होती म्हणून एकही ठेवू नका हा युक्तिवाद माझ्या डोक्यावरून गेला.

'नॉस्टॅल्जिया'

असेल काहींचा. १९७७ च्या शॉटमध्ये ल्यूकच्या लँडस्पीडरखाली (हवेत तरंगणारी गाडी) एक नारिंगी धूसर डाग दिसतो, गाडीची चाकं लपवायला लेन्सवर व्हॅसलीन लावलं होतं त्याचा. १९९७ ला तो पुसला. ज्याला इफेक्ट्स कसे करायचे हे शिकायचंय, सिनेमाचा इतिहास लिहायचाय, किंवा नुसतं बघायचंय की त्या वर्षी ऑस्कर नेमकं कशाला दिलं, त्याने तो डाग बघायला जायचं कुठे? १९८९ ला अमेरिकेने नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपायच्या सिनेमांच्या यादीत, पहिले सिनेमे निवडले तेव्हा त्या पहिल्याच २५ सिनेमांत हा घेतला होता, आणि तेव्हा स्पेशल एडिशन यायला अजून आठ वर्षं होती. म्हणजे देशाने जपायला निवडलेला सिनेमा हा व्हॅसलीनवाला.