तळहाताएवढा डाग, म्हणे फुल बॉडी मारा!

माझ्या गाडीला तळहाताएवढा रंग हवाय हो. तळहाताएवढा! पेट्रोलच्या झाकणाखाली गंजाचा एक फोड, मागच्या दाराच्या खालच्या कडेला दुसरा. बस, एवढंच दुखणं. आणि एवढ्यासाठी एप्रिलपासून घोडबंदर रोडवरचा जो भेटेल तो गॅरेजवाला मला एकच ऐकवतोय, “मॅडम, फुल बॉडी मारून घ्या.” का? गुडघा खरचटला तर अख्ख्या माणसाला प्लॅस्टर घालता का?

गाडी २००८ची वॅगनआर. सिल्व्हर. २०२३ला पंधरा वर्षं भरली तेव्हा रीतसर तपासणी करून नोंदणी वाढवून घेतली. पूर्वी ज्याला ६०० रुपये लागायचे त्याचे एप्रिल २०२२पासून ५००० झाले होते, पर्यावरण कर वेगळा, तोही भरला. म्हणजे सरकारने तपासून सांगितलंय की बाई, आणखी पाच वर्षं चालव. इंजिन पहिल्या चावीला सुरू होतं. पण आमच्या सोसायटीत रोज कोणीतरी पार्किंगमध्ये थांबून मान हलवतं, “काढून टाका आता.” अहो, तुमच्या दारात लावलीय का?

एकाने घेतलं काम. दोन दिवस, साडेतीन हजार. गाडी मिळाली तेव्हा झकास दिसत होती, मीही खूश. जुलै उजाडला आणि त्याच जागी परत फोड, आधीपेक्षा मोठा. संशय आला म्हणून फ्रिजवरचा गणपतीपुळ्याचा मॅग्नेट आणून लावला. टपकन खाली पडला! नखाने खरवडलं तर आत बोटाच्या पेराएवढी जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, आणि लांबीच्या मागे माझा जुना गंज जसाच्या तसा. हात लावलेलाच नाही त्याला! लांबी पाणी पिते. गंज पूर्ण घासून काढायचा, पांढरा पत्रा दिसू द्यायचा, त्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा गंज रोखणारा थर, मारायचा आणि मग हवीच तर पातळ लांबी, हे मला व्हिडिओ बघून कळतं, तर वीस वर्षं हेच काम करणाऱ्याला कळत नसेल? कळतं. पण घासायला दोन तास लागतात आणि भरायला दहा मिनिटं.

दाराची तर आणखी मजा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. माझ्या दाराची मातीने बुजली होती, म्हणून पाणी आत साठून पत्रा आतून सडत होता. केरसुणीच्या काडीने मोकळी झाली असती. या महाशयांनी काय केलं? रंग मारून ती कायमची बंद केली.

तेव्हा ठरवलं, घरीच करायचं. पावसाळाभर थांबले, कारण ओल्या हवेत स्प्रे मारला की थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग ताकासारखा पांढुरका होतो. नवरात्र संपल्यावर रंगाच्या दुकानात गेले. गाडीच्या रंगाचा कोड पाठ करून गेले होते, झेड टू एस. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, “साहेब नाही आले?” साहेब घरी भेंडी चिरतायत, तुम्ही रंग द्या! तर म्हणे मिक्सिंगचा रंग अर्ध्या लिटरच्या खाली मिळत नाही. अर्धा लिटर! मला दोन चमचे पुरले असते. शेवटी तयार स्प्रेचा डबा घेतला.

सिल्व्हर रंग काढला त्या माणसाला नमस्कार. त्यात ॲल्युमिनियमचा चुरा असतो, तो कसा बसतो त्यावर छटा ठरते. डबा जवळ धरला की थर ओला बसून गडद, लांब धरला की कोरडा आणि फिकट. एकाच डब्यातून तीन गाड्यांचे रंग! बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर चार संध्याकाळी हात बसवला. गंज घासला, प्रायमर मारला, ६००चा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, फिरवला, बोटांची सालं गेली.

आणि मग सेक्रेटरी. “मॅडम, पार्किंगमध्ये हे गॅरेजचं काम चालणार नाही, लोकांना वास येतो.” वास येतो हे खरं, मान्य. म्हणून तर मी रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, हार्डनरवाला, म्हणजे घट्ट करणारं रसायन मिसळायचा पक्का आणला नाही. त्यात आयसोसायनेट नावाचं फुफ्फुसांना घातक रसायन असतं, साध्या मास्कने ते अडत नाही, लहान मुलं खेळतात तिथे मारायची वस्तू नाही ती. एवढी अक्कल आहे मला. पण वरच्या मजल्यावर तीन महिने टाइल कटर किंचाळतोय, त्याची पांढरी भुकटी माझ्या काचेवर रोज बसतेय, त्याला नोटीस नाही! मी अर्धा तास स्प्रे धरला तर लगेच सोसायटीचे नियम आठवले.

बरं, म्हटलं पहाटे सहाला करू, वाराही नसतो. रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामाची धूळ तेवढी खाली बसलेली असते. मारला. पहिला हात, दुसरा हात, काय सुंदर बसला! तेवढ्यात झाडूवाला आला आणि माझ्या पायाशीच खराटा सुरू. त्याची काही चूक नाही, त्याची वेळच ती. पण रंगात जे कण बसले ते बसलेच. परत १०००चा पेपर, परत पुसणं, दुसऱ्या रविवारी परत रंग. वरून साधा, हार्डनर नसलेला क्लिअर कोट. लांबून पाहिलं तर कळत नव्हतं. खरंच सांगते, मी फोटो काढून माहेरी पाठवले.

परवा पेट्रोल भरायला गेले. पोराने नोझल काढताना चार थेंब सांडले आणि मोठ्या तत्परतेने फडक्याने पुसले. फडक्यावर माझा सिल्व्हर! हार्डनर नसलेला रंग पेट्रोलने पाघळतो, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच जास्त जळफळाट झाला. तो पोरगा फडकं दाखवून म्हणतो, “दीदी, आपका कलर छूटता है.”

आता अर्धा लिटर घेऊनच आलेय. मावसभावाकडे कळव्याला वर्कशॉप आहे, कॉम्प्रेसर आहे, गाळणीचा मास्क आहे. तिथे हार्डनर घालून मारणार. आणि दोन चमचे सोडून जो रंग उरेल ना, त्यात सेक्रेटरींची स्कूटर रंगवून देणार. फुल बॉडी.