कार्ड आहे, कायदा आहे, तरी विमानात चढू देत नाहीत

"व्हिसा कुठाय?" चेक-इन काउंटरवर हा प्रश्न आला की आता डोक्यात तिडीकच जाते. नाहीये व्हिसा! लागतच नाही! आणि हे मी ठरवलेलं नाही, युरोपियन युनियननं २००४ सालीच लिहून ठेवलंय.

माझा नवरा म्हापशाचा. त्याचे आजोबा पोर्तुगीज अमलात जन्मलेले, त्यामुळे कितीतरी गोयंकारांसारखा त्याचाही पासपोर्ट पोर्तुगालचा. माझा भारतीय. राहतो डब्लिनला. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, पण ई.यू.मध्ये आहे, आणि ई.यू. नागरिकाची बायको म्हणूनच इथल्या सरकारनं मला रेसिडेन्स कार्ड दिलंय. २००४/३८ या निर्देशाच्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की हे कार्ड असलं की व्हिसातून सूट. नवऱ्याबरोबर स्पेनला जा नाहीतर इटलीला, पासपोर्ट आणि कार्ड दाखवलं की झालं.

पण काउंटरवरच्या बाईंना भारतीय पासपोर्टच्या पुढे काही दिसतच नाही. स्क्रीनवर "भारत, व्हिसा आवश्यक" वाचलं की संपलं. त्याच माहितीत खाली ई.यू. नागरिकांच्या कुटुंबीयांसाठीचा अपवाद दिलेला असतो, तिथपर्यंत जायची तसदी कोण घेणार? मी कलमाची प्रिंट पुढे केली तर हातातसुद्धा घेतली नाही. सुपरवायझर आला, त्यानं कुणाला तरी फोन लावला, आणि म्हणे, "आयरिश कार्ड शेंगेनमध्ये चालत नाही." तेवढ्यात माद्रिदचं बोर्डिंग बंद. तिकिटाचे पैसे गेले, हॉटेलचे गेले, आणि भरपाई मागितली तर उत्तर आलं: प्रवाशाची कागदपत्रं अपुरी होती. अपुरी?

चालत नाही म्हणे! याच मुद्द्यावर युरोपियन न्यायालयाचा १८ जून २०२० चा निकाल आहे. लंडनहून बुडापेस्टला गेलेला एक युक्रेनियन प्रवासी, हातात ई.यू. नागरिकाचा कुटुंबीय म्हणून ब्रिटननं (तेव्हा तो ई.यू.मध्येच होता) दिलेलं कायम वास्तव्याचं कार्ड, व्हिसा नाही. त्याला आणलं म्हणून हंगेरीच्या पोलिसांनी रायनएअर या विमान कंपनीला ३,००० युरो दंड ठोकला. न्यायालयानं सांगितलं की कार्ड देणारा देश शेंगेनबाहेरचा असला तरी सूट लागू होते, आणि नात्याचा पुरावा म्हणून कार्डच पुरेसं आहे. म्हणजे निकाल विमान कंपनीच्या बाजूनंच लागला! तरीही काउंटरवर बसणाऱ्या माणसाला तो कुणी सांगितलेला नाही.

का सांगतील? व्हिसा हवा असलेल्या माणसाला बिनव्हिसा नेलं तर कंपनीला हजारो युरोंचा दंड. व्हिसा नको असलेल्या माणसाला अडवलं तर त्या काउंटरवरच्या कुणाचं काय जातं? काहीही नाही. म्हणून शंका आली की अडवा. ती शंका त्यांची, आणि भुर्दंड माझा. नियम तर असा आहे की सीमेवर कागद नसले तरी परत पाठवण्याआधी माणसाला ते मिळवायची, नातं सिद्ध करायची वाजवी संधी द्यायलाच हवी. पण सीमेपर्यंत पोहोचू दिलं तर ना!

ज्यांचं नुकतंच लग्न झालंय आणि कार्ड अजून आलेलं नाही, त्यांची तर आणखी परवड. कार्डाला सहा महिने लागू शकतात. तोवर व्हिसा काढायचा, तो कायद्यानं फुकट आणि लवकर मिळायला हवा. अर्जात नोकरीच्या, खर्चाच्या रकान्यांवर चांदणी असते, ते कुटुंबीयांनी भरायचेच नसतात. तरी माझ्या मैत्रिणीकडे बँक स्टेटमेंट मागितलं, पगाराच्या स्लिपा मागितल्या, विमासुद्धा मागितला.

नवरा म्हणतो, "अगं, जाऊ दे. व्हिसा काढून टाकू, कटकट नको." तेही करून पाहिलं. वकिलातीत सांगितलं, "तुमच्याकडे कार्ड आहे, तुम्हाला व्हिसा लागत नाही, आम्ही देऊ शकत नाही." बरं, मग तेवढंच एका कागदावर लिहून सही-शिक्का द्या म्हटलं, तर तसं पत्र देत नाही म्हणाले. काउंटरवर म्हणतात व्हिसा आणा, वकिलात म्हणते लागत नाही. मग मी नेमकं काय दाखवायचं? आता मी एवढंच करते, अडवलं की तिथल्या तिथे लेखी मागते: कुठल्या कलमाखाली अडवताय ते लिहा, खाली नाव लिहा, सही करा. अजून एकानंही सही केलेली नाही.