फ्लोटची दांडी वाकवण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. पेट्रोलचं गेज (डॅशबोर्डवरचा काटा) चुकीचं दाखवत असेल तर काय करायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. फ्लोट म्हणजे टाकीत पेट्रोलवर तरंगणारा, दांडीला जोडलेला भाग; पातळीप्रमाणे त्याचा विद्युत विरोध (ओहम) बदलतो आणि त्यावरून काटा हलतो. तुमचे आक्षेप तीन: गेज तपासायला टाकीजवळची वायर बॉडीला टेकवा हे मी सांगणं धोक्याचं, दांडी वाकवणं म्हणजे जुगाड, आणि सरळ नवा फ्लोट टाकला की विषय संपतो.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पाडायचा सल्ला मी द्यायला नको होता, शिवाय वायर थेट टेकवल्याने गेजही जळू शकतं. लेख दुरुस्त केलाय. आता त्यात बॅटरीची निगेटिव्ह काढून, कनेक्टर सोडवून मल्टीमीटरने ओहम मोजायला सांगितलं आहे.

तिसऱ्याशी मात्र मी सहमत नाही. माझ्या मारुती 800 मध्ये मिस्त्रीने आधी नवा फ्लोटच टाकला होता, बाजारातला लोकल. टाकी कोरडी, तरी काटा पाव दाखवत राहिला आणि मी इंदूरमध्ये भंवरकुआँपासून पलासियापर्यंत गाडी ढकलली. नंतर मोजलं. जुना फ्लोट रिकाम्या स्थितीत जवळजवळ 120 ओहम देत होता आणि भरलेल्या स्थितीत 5 च्या आत. नवा रिकाम्यालाच 80 च्या आसपास अडकायचा. माझं गेज 120 वर शून्य दाखवतं, ते 80 ला रिकामं कसं म्हणेल? (सगळ्या गाड्यांत असंच असतं असं नाही. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत उलट, रिकामी टाकी शून्य ओहम आणि भरलेली 90.)

जुन्या फ्लोटच्या वेळचा खरा दोष वेगळाच होता, अर्थिंगचा, म्हणजे फ्लोट गाडीच्या बॉडीशी जोडणाऱ्या जोडाचा. टाकीच्या अर्थच्या स्क्रूवर गंज चढला होता. गंजाचा विरोध फ्लोटच्या विरोधात मिळत गेला, म्हणून काटा नेहमी खऱ्या पातळीपेक्षा कमी दाखवायचा. सँडपेपरने घासलं, काम झालं. पैसे शून्य, आणि नव्या फ्लोटचे गेले ते गेलेच.

दांडीबद्दल: काटा सगळीकडे सारखाच चुकत असेल आणि वायर, अर्थ, गेज ठीक असेल, तरच ती वाकवायची, तीही अगदी थोडी. काटा मध्येच एका जागी पडून पुन्हा उठत असेल तर फ्लोटमधली विरोधाची पट्टी झिजली आहे, तिथे वाकवून काही होत नाही. आपण पाव टाकीवर गाडी चालवणारे, दोनशेचं पेट्रोल टाकून निघणारे, त्यामुळे पट्टी बहुधा तिथेच झिजते.

काट्याऐवजी ट्रिप मीटरवर किलोमीटर बघून पेट्रोलचा अंदाज घ्या, असंही म्हणालात. तो स्पीडोमीटरच्या केबलवरच चालतो. माझ्या गाडीची स्पीडोमीटरची केबल वर्षभर तुटलेली होती, आता काय बोलू!

राहिला तुमचा प्रश्न, ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढताना काटा हलतो तो. चढावर पेट्रोल टाकीत मागे सरकतं, फ्लोटही सोबत हलतो. तो दोष नाही. सिमरोलला सपाट रस्ता लागला की दोन मिनिटं थांबून काटा बघा.